डाखोरे मॅडमचे बारा गुण

डाखोरे मॅडम वही तपासायला घेतली की सगळ्यात आधी उत्तरावर तळहात ठेवत. गणित बरोबर आलं की चूक, याच्याशी त्यांना जणू देणंघेणंच नव्हतं. "उत्तर पुस्तकाच्या मागं छापलेलंच आहे," त्या म्हणत. "तू तिथवर कशी पोचलीस, ते दाखव." महागावच्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी उभं आयुष्य गणित शिकवलं. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, स्वच्छ असे. घरी पाऊल टाकलं की वऱ्हाडी सुरू. पायात वर्षानुवर्षं एकाच घाटाची चप्पल, आणि चहात इतकी साखर की पाहुणा दुसऱ्यांदा घेताना विचार करायचा.

त्यांच्या वर्गात माझं नाव होतं, मी मात्र नांदेडला होते. आमच्याकडे ही रीतच पडली आहे. नाव गावच्या कॉलेजात, मुक्काम क्लासच्या शहरात, आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी पोरं जर्नल काखोटीला मारून उगवतात. माझं जर्नल मामेबहिणीच्या अक्षरातलं होतं. मॅडमनी ते चाळलं. फळ्यावर एक साधं गणित दिलं. चार पर्यायांतून एक निवडायची सवय लागलेली. मी खडू उचलला, उत्तर लिहिलं आणि मोकळी झाले.

"आणि मधलं?" त्यांनी विचारलं.

"मधलं नसतं, मॅडम. ट्रिक आहे," मी ऐटीत म्हणाले. ती ऐट आठवली की आजही मान खाली जाते.

पुढे सीईटीचा निकाल लागला. मला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल! क्लासवाल्यांनी महागावच्या बसस्टँडसमोर माझा फोटो असलेला भलामोठा फ्लेक्स लावला. बाबा एसटीत कंडक्टर. पुसदला जाणारी गाडी स्टँडातून निघाली की ते तिकिटं फाडायचं सोडून खिडकीतून फ्लेक्सकडे बघत. मला कॉम्प्युटर इंजिनियर व्हायचं होतं आणि ते झाल्यातच जमा होतं. बारावीच्या मार्कलिस्टकडे कुणी धड पाहिलंच नव्हतं. पास झाली ना, बस्स.

यवतमाळला प्रवेशाची कागदपत्रं तपासताना तिथल्या माणसाने ती मार्कलिस्ट पाहिली आणि मान वर केली. "ताई, तुम्ही पात्रच नाही." भौतिक, रसायन आणि गणित मिळून तीनशेपैकी एकशे पस्तीस लागत होते. माझे भरले एकशे एकतीस. अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल हातात असून मी रांगेतून बाहेर पडले. मी आणि बाबा परतीच्या गाडीत बसलो. महागाव आलं तेव्हा मी खिडकीची काच लावून घेतली, फ्लेक्स दिसू नये म्हणून.

उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवावी का, हे विचारायला बाबा मला घेऊन मॅडमच्या घरी गेले. मॅडमनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"मागवा ना. पण भाऊ, एक आधीच सांगते. गणिताच्या प्रॅक्टिकलचे वीसपैकी बारा मीच देल्ले तिले."

मार्कलिस्टवर नुसती बेरीज असते. त्या गप्प राहिल्या असत्या तर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

बाबांचा आवाज चढला. "बारा? अवो मॅडम, सारेच इसच्या इस देऊन राह्यले! तुमच्या चार मार्कापायी पोरीचं वर्ष गेलं!"

"गेलं," मॅडम म्हणाल्या. "तिले जेवढं येत होतं, तेवढे देल्ले. उद्यापासून सायंकाळी पाठवजा तिले. मी पोळ्या करते तवा."

"कायले पाठवू? अजून कमी कराले?" असं म्हणून बाबा तरातरा निघाले. चहा तसाच राहिला.

पंधरा दिवस मी गेले नाही. मैत्रिणींचे प्रवेश होत होते, त्यांचे होस्टेलचे फोटो फोनवर येत होते आणि मी मनातल्या मनात मॅडमशी भांडत होते. शेवटी एका संध्याकाळी खरोखरच भांडायला गेले. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "आली? हात धू आन् बस. काहून उभी हायेस?" भांडण तिथेच राहिलं.

मी बारावी पुन्हा द्यायचं ठरवलं आणि मग वर्षभर रोज संध्याकाळी तसंच चाललं. मॅडमचे मिस्टर फार पूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. त्या ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून पोळ्या लाटत, मी पाटावर बसून गणित मोठ्याने सोडवी. एक पायरी गाळली की लाटणं थांबे. मागे वळून बघायची त्यांना गरज नसे. "हे कुठून आलं वं? आभायातून पडलं?" मी पुन्हा सुरुवात करी. लाटणं फिरायला लागलं की समजायचं, जमलं. पुष्कळदा माझ्यापायी पोळी करपली आणि ती त्यांनी स्वतःच्याच ताटात घेतली. फीचा विषय बाबांनी एकदाच काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत मले खिडकीची शीट देजा."

हे सगळं गोड झालं असं मात्र नाही. दुसऱ्या वर्षी बारावीला मला एकशे एकतीसच्या जागी दोनशे चौदा पडले, पण सीईटी तीन पर्सेंटाइलने घसरली. कॉम्प्युटर हुकलं, सिव्हिल मिळालं. त्या रात्री मी रडले आणि मॅडमचा रागही आला. आता राग उरला नाही, पण त्या चुकल्याच नाहीत असंही मला छातीठोक म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी त्या आजारी होत्या. मी पेज घेऊन गेले होते. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते विचारलं. "मॅडम, माझं चार गुणांनी अडणार आहे, हे तेव्हा माहीत असतं तर?"

त्यांनी छताकडे पाहिलं.

"देल्ले असते," त्या म्हणाल्या. "तवापासून लय डाव मनात आलं, देऊन टाकाले पाहिजे होते. तुह्या बापाचं तोंड पाहून तर लयच." मग माझा हात हातात घेतला. "पण मंग तू माह्या घरी आली नसती."

दिवाळीनंतर त्या गेल्या. बाबा रजा टाकून आले होते, स्मशानातून सगळ्यांच्या शेवटी परतले.

मी आता पॉलिटेक्निकला शिकवते. परवा अंतर्गत गुण भरत होते. एका मुलीची प्रयोगवही सरळसरळ दुसऱ्याच्या अक्षरातली होती आणि तिला त्यातलं काही सांगता आलं नाही. आमच्याकडेही सगळे सढळ हातानेच गुण देतात. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग बारा लिहिले, तिला बोलावून घेतलं आणि ते तिला स्वतःच सांगितलं. तिचे डोळे भरून आले. तिला म्हटलं, "रविवारी घरी ये. माझ्या स्वयंपाकाच्या वेळेला."