दावल गवंड्याचा न संपणारा मकबरा

दावल गवंडी जिभेने तिखट, पण हाताने देव माणूस. त्याने घोटलेल्या गिलाव्यात बघून मुकादम तुराबखान रोज मिशा पिळायचा. सुलतानांनी बापजाद्यांच्या रिवाजाप्रमाणे हयातीतच राजधानीबाहेर अष्टूर गावी स्वतःचा मकबरा बांधायला घेतला होता. घुमट झाला, कमानी झाल्या, राहिला फक्त कळस. तो जमिनीवर पडून होता आणि त्याच्यावर कावळे बसत.

कळस चढवायचा म्हणजे मग कुणीतरी दरबारात जाऊन सांगायचं, "हुजूर, आपली कबर तयार आहे." कोण सांगणार, कपाळ! म्हणून मुकादम सकाळी गिलावा चढवायला लावी आणि संध्याकाळी तोच खरवडायला. काम संपल्याशिवाय सुट्टी नाही, आणि येत्या जुम्म्याला गुलबर्ग्यात दावलच्या लेकीचा, जैनबचा, निकाह.

"खानसाहेब, चढवा तो कळस एकदाचा. पोरीच्या डोक्यावर हात कुणी ठेवायचा, शेजाऱ्याने?"

"चढव की. आणि दरबारातही तूच जा. सगळी तयारी झालीय, कधी येताय म्हणून विचार."

दावलने त्या दिवशी रागारागाने चुना कालवला.

दोनच दिवसांत सुलतान स्वतः काम बघायला आले. घुमटाकडे मान वर करून त्यांनी विचारलं, "किती राहिलंय?" मुकादमाची दातखीळ बसली. ही संधी दावल सोडतोय होय? सुलतान खूश झाले की लगेच सुट्टी मागायची, एवढं गणित मांडून तो पुढे झाला.

"कुठलं संपतंय, हुजूर! या दावलच्या हातात थापी आहे तोवर हे काम पुरं व्हायचं नाही."

सुलतान पोट धरून हसले. अंगावरची शाल काढून त्यांनी त्याच्या खांद्यावर टाकली. मग मुकादमाला म्हणाले, "या माणसाला जपा. याच्या हातातली थापी एक दिवससुद्धा सुटता कामा नये."

झालं! हुकूम तो हुकूम.

"बोललास मात्र झकास," मुकादम म्हणाला.  गुलबर्ग्याच्या गाडीवानाकडे दावलने ती शाल लेकीसाठी दिली आणि तोंड फिरवून रडला.

जुम्म्याला दुपारच्या नमाजात इमामसाहेबांनी दुआ मागितली, सुलतानांना उदंड आयुष्य लाभो. तिकडे जैनब त्याच सुमाराला 'कबूल' म्हणत असेल. इकडे सगळे आमीन म्हणाले. दावलला म्हणवेना.