हंडीची चिठ्ठी

अप्पांनी मला नोकरीवर ठेवण्याआधी माझी जीभ बघितली. कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. मी प्रमाणपत्रांची फाइल त्यांच्या टेबलावर ठेवली होती, ती त्यांनी हातानं बाजूला सारली आणि विचारलं, "पान खाता? तंबाखू, मिश्री?" मी नाही म्हणाले. "मग जीभ दाखवा बघू." मी एम.कॉम. झालेली, लोह्याहून तीन तास एसटीत उभी राहून लातूरला आलेली, इस्त्रीचं पातळ नेसलेली. काय करणार? दाखवली. अप्पा चष्मा वर करून म्हणाले, "सोच्छ हाय. कामाची हाय. उद्यापासून या."

लातूर नुकतं कुठं जिल्हा झालं होतं. कलेक्टर कचेरीत भरती होणार अशी हवा होती आणि आमच्यासारखी शिकलेली पोरं-पोरी अर्ज करून वाट बघत होती. तोवर हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चार ठिकाणी विचारून आले होते. कांबळे असं आडनाव सांगितलं की समोरचा माणूस फार गोड व्हायचा आणि 'कळवतो' म्हणायचा. एकानंही कळवलं नाही. अप्पांनी आडनाव विचारलं, लिहून घेतलं आणि लगेच पान-तंबाखूवर आले. त्या दिवशी मला तो माणूस विक्षिप्त वाटला. त्या विक्षिप्तपणाची किंमत पुढं कळली.

अप्पा म्हणजे निलंग्याकडचे लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, बोलणं थोडं आणि तेही तोंडातल्या तोंडात. त्यांची छोटी डाळमिल होती. लातूरला डाळमिलचं कौतुक कुणाला? दर गल्लीत एक. पण अप्पांच्या मिलमध्ये एक रीत होती ती दुसरीकडं कुठं नव्हती. तुरीची प्रत्येक खेप भरडून झाली की पोती शिवण्याआधी तिच्यातली मूठभर डाळ हंडीत शिजवायची. हळद आणि मीठ, बाकी काही नाही. घोटायचीही नाही. डाळ निवडणाऱ्या बायकांची मुकादम हलीमाबी चूल सांभाळायची. डाळ शिजली की अप्पा एकेक दाणा चिमटीत दाबून बघायचे, मग सगळ्यांनी तीच डाळ भाकरीबरोबर खायची. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. पहिल्या दिवशी हलीमाबीनं वाटी भरली आणि अप्पांनी ती आधी माझ्यापुढं केली. "तुम्ही सांगा, बाई. माझी जीभ जुनी झाली." मी चाखून 'शिजली' म्हणाले, तेव्हा कुठं त्यांनी त्याच हंडीतून स्वतःची वाटी घेतली. मी मान खाली घालून जेवले, कारण डोळे भरून आले होते आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी ते कुणाला दिसायला नको होतं.

जेवण झालं की माझं काम सुरू व्हायचं. प्रत्येक पोत्यात एक चिठ्ठी टाकायची. 'हंडी झाली. पाऊण तास.' कधी 'एक तास', कधी 'आधी भिजवा'. एकदा तर अप्पांनी 'ही दाळ हट्टी हाय, घाईच्या कामाला घेऊ नका' असं लिहायला लावलं. मी म्हटलं, अप्पा, असं लिहिल्यावर कोण घेईल? ते म्हणाले, ज्याला घाई नाही तो घेईल की.

जिल्हा झाला तशी शहराबाहेर नवी औद्योगिक वसाहत पडली. मोठमोठ्या मिल आल्या, त्यांची यंत्रं डाळीला तेलाचा हात देऊन अशी चकचकीत करायची की आरशात बघावं. भावही कमी. मोंढ्यातले जुने मिलवाले धास्तावले. कुणी उसनवारी करून तसलंच यंत्र आणलं, कुणी भाव पाडला. अप्पांनी दोन्ही केलं नाही. मला राहवेना. मी कॉमर्सची, चार पुस्तकं वाचलेली. मी त्यांना स्पर्धेवर ऐकवायला बसले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, चकचकीत दाळ दुकानदाराला पायजे. मी दुकानदाराला इकतच न्हाई. माझं गिऱ्हाईक आचारी हाय."

खरंच तसं होतं. अप्पांची डाळ लग्नाचे आचारी, खानावळी आणि वसतिगृहांची स्वयंपाकघरं घ्यायची. पाचशे पानं उठायची असली की आचाऱ्याला डाळीचा रंग नको असतो; ती कधी शिजेल ते नेमकं कळायला हवं असतं. त्यासाठी तो दोन पैसे जास्त मोजायचा. मुंबईचा एक व्यापारी एकदा मोठी मागणी घेऊन आला. अप्पांनी त्याला हंडीची डाळ पोटभर खाऊ घातली आणि परत पाठवला. मी चिडले. इतकं चालून आलेलं गिऱ्हाईक कुणी घालवतं का? अप्पांनी हंडीकडं बोट दाखवलं. हिच्यात चाखून होईल तेवढाच धंदा, बाकीचा दुसऱ्यांना करू दे, असं त्यांचं म्हणणं. पुढं नांदेडच्या कॉलेजात मी तीस वर्षं व्यवसायाचं धोरण शिकवलं. कशाला नाही म्हणायचं ते ठरवणं म्हणजेच धोरण, हे वाक्य मी फळ्यावर लिहायची तेव्हा मला ती काळी हंडी दिसायची.

मी हुरूपानं गिऱ्हाइकं आणू लागले. लोह्याला आमच्या गल्लीत दत्ता आचारी होता, सगळ्या तालुक्यातली लग्नं उठवणारा. त्याला मीच अप्पांकडं आणला. तो चिठ्ठीवर इतका विसंबू लागला की चूल कधी पेटवायची तेही चिठ्ठी बघून ठरवायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला. मिलची विहीर तळाला गेली, टँकर एक दिवसाआड, मग तोही बेभरवशाचा. तूर आली ती बारीक, सुरकुतलेली. तरी हंडी चालू होती. एका सकाळी टँकर येऊन तीन दिवस झाले होते. रांजणात तळाशी थोडंसं पाणी होतं. दत्ताची लग्नसराईची दहा पोती जायची होती, त्यातलं पहिलं लग्न दुसऱ्याच दिवशी, लोह्यातल्या एका शिक्षकाच्या मुलीचं, बाहेर टेम्पो उभा. हलीमाबी तांब्या घेऊन आली. "अप्पा, पानी इत्ताच है. हंडी चढाऊँ, या बायांको रखूँ?"

आत बावीस बायका धुळीत डाळ निवडत होत्या. अप्पांनी विचारसुद्धा केला नाही. "बायांना ठेव," म्हणाले. मग माझ्याकडं वळून सांगितलं, की पोती जाऊ द्या, पण चिठ्ठी टाकू नका. दत्ताला निरोप द्या, हंडी झाली नाही, त्यानं तिथं आधी शिजवून बघावी. एवढं सांगून ते टँकरच्या पाठीमागं नगरपालिकेत गेले.

मी काय केलं ते आता लिहिते. इतकी वर्षं लिहिलं नाही. टेम्पोवाला घाई करत होता. लोह्याचा फोन लागेना. चिठ्ठीशिवाय पोती गेली तर दत्ता घेणार नाही, मीच जोडलेलं गिऱ्हाईक माझ्या हातानं तुटेल, असं माझ्या मनानं घेतलं. त्याच तुरीची आधीची खेप, विहिरीच्या शेवटच्या पाण्यात, पाऊण तासात शिजली होती. मग ही का नाही शिजणार? मी दहा चिठ्ठ्या लिहिल्या. 'हंडी झाली. पाऊण तास.' आणि टाकल्या. निरोप दिला नाही.

लोह्याला त्या लग्नात डाळ शिजली नाही. दत्तानं चिठ्ठी बघून वेळेवर चूल पेटवली. पाऊण तास झाला, दोन तास झाले, दाणा खड्यासारखाच. मांडवात पानं मांडलेली, नवरदेवाकडची माणसं बसलेली. शेवटी कोरडा भात आणि बुंदी वाढली. वऱ्हाड अर्ध्या पंगतीतून उठून गेलं. मुलीचा बाप भर मांडवात पागोटं काढून नवरदेवाकडच्यांच्या पाया पडला, असं दुसऱ्या दिवशी दत्तानंच येऊन सांगितलं. तो अप्पांशी बोलत होता आणि मी दाराआड उभी होते. त्यानं खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली.

अप्पांनी ती वाचली. माझं अक्षर त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. दत्ता पाणी प्यायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी मला आत बोलावून एवढंच विचारलं, "चिठ्ठी तुम्ही टाकली?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी चिठ्ठीची घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता ती माझी झाली. तुम्ही कुणाला काही सांगू नका."

मला रडू आवरेना. रडता रडता मी त्यांना सुचवलं, की लोह्याला सध्या नव्या खोल बोअरचं पाणी आहे, जड पाणी, त्यात कुणाचीच डाळ शिजत नाही. दोष पाण्याचा असणार, आपण तसं सांगू. अप्पा म्हणाले, "असंल. पण ते हंडीत कळलं असतं. टँकरचं पाणी बी तसलंच जड हाय. मी चिठ्ठीत लिवलं असतं, पाणी बघून टाका म्हणून." आणि ते उठून दत्ताबरोबर लोह्याच्या एसटीत बसले. त्या शिक्षकाच्या दारात उभं राहून त्यांनी गल्लीसमोर सांगितलं, की हंडी लावली नव्हती, चिठ्ठी खोटी होती आणि गुन्हा त्यांचा स्वतःचा आहे. हे मला माझ्या आईनं कळवलं. ती त्या गल्लीतच होती. आईलाही मी खरं सांगितलं नाही.

पुढं सगळं हळूहळू झालं. कुणी भांडलं नाही. आचारी यायचे, चिठ्ठी बघायचे आणि विचारायचे, "अप्पा, खरंच लावली ना?" हा प्रश्न एकदा आला की संपलं. ज्याला स्वतःच शिजवून बघायचंय तो दोन पैसे जास्त का देईल? ते औद्योगिक वसाहतीतली चकचकीत डाळ घेऊ लागले. अप्पा रोज हंडी लावत राहिले. पोती कमी झाली, बायका कमी झाल्या, हंडी तेवढीच.

विहिरीला पुन्हा पाणी आलं तेव्हा मी लोह्याहून परत आलेल्या पोत्यातली मूठभर डाळ गुपचूप हंडीत टाकली. बरोबर पाऊण तासात शिजली. दाणा दाबला की लोणी. मी धावत अप्पांकडं वाटी घेऊन गेले. त्यांनी चाखली, आणि त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "ब्याळी चांगली हाय," म्हणाले. खूश झाले की ते डाळीला कानडीत ब्याळी म्हणायचे. मग वाटी खाली ठेवली. "दाळ खरी होती, बाई. चिठ्ठी खोटी होती. आन लोक आपल्याकडून चिठ्ठीच घेत होते."

दुसऱ्या वर्षी मिल बंद झाली. कलेक्टर कचेरीतून मला बोलावणं आलं नाही, पण नांदेडला कॉलेजात जागा मिळाली. निघताना पाया पडले तर अप्पांनी विचारलं, तिथं काय शिकवणार? मी सांगितलं, धंदा टिकवायचा कसा ते. ते हसले. टोमणा नव्हता त्यात, म्हणूनच जास्त लागलं.

अधूनमधून मी जात राहिले. मग परत एक दुष्काळ आला, आणि त्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, अप्पा अंथरुणाला खिळलेत, काही खात नाहीत, सारखं तुमचं नाव काढतायत. मी पहाटे उठून डाळ लावली. हळद आणि मीठ, न घोटता. नळाला पाणी नव्हतं, सोसायटीच्या बोअरचं घेतलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, पहिली गाडी चुकू नये म्हणून डाळ तशीच डब्यात ओतली आणि निघाले.

अप्पा पार वाळले होते. कपाळावरची विभूती तेवढी ठळक. मी डबा उघडला, वाटीत डाळ काढली. त्यांनी वाटीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"चाखलीत?" त्यांनी विचारलं.

"हाव, अप्पा," मी म्हणाले. त्यांच्या बोलीत म्हणाले, लाडानं.

मी भरवत गेले आणि ते खात गेले. फार सावकाश चावत होते. मला वाटलं, अशक्तपणा. सगळी वाटी संपवली. त्यांचा मुलगा दारात उभा राहून डोळे पुसत होता, कारण आठ दिवसांत त्यांनी काही खाल्लं नव्हतं. शेवटचा घास गिळून अप्पांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "शिजली. ब्याळी चांगली हाय."

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर बसून मी भाकरी काढली आणि डब्यात उरलेली डाळ तोंडात घातली. दाणा दाताखाली कचकन फुटला. अर्धी डाळ कच्ची होती. बोअरचं जड पाणी.

अप्पा चार दिवसांनी गेले. ज्या माणसानं खोट्या चिठ्ठीपायी आपली मिल जाऊ दिली, त्यानं आयुष्यात एकदाच न शिजलेल्या डाळीला शिजली म्हटलं, आणि ते माझ्यासाठी.