खिडकीपाशी मांडलेल्या बिया

कॉफी भाजणारे काका दुकानात येईल त्याला एकच प्रवचन द्यायचे: ताजी बी कोरडी असते, तेल सुटून चकाकायला लागली की ती शिळी समजा. आज मात्र नव्या पाकिटासाठी बियांचा फोटो हवा होता आणि घरात बसून तो स्वतःच काढायच्या हट्टापायी त्यांना सकाळपासून चैन पडत नव्हतं. खिडकीवर पांढरी चादर ताणून झाली, उजेड परतवायला समोर थर्माकोल उभा केला, ऊन सरकेल तसं टेबल ओढून झालं. फोटोत बिया आपल्या मरगळलेल्याच! टेबललॅम्प लावला, विझवला, पुन्हा लावला. घरातलं कुणी तिकडे फिरकेना. शेवटी ते तणतणत स्वयंपाकघरात गेले, वाटीत तेल घेऊन आले आणि एकेका बीवरून बोट फिरवलं. आता कशा लखलखल्या! फोटो काढून त्यांनी गल्ला सांभाळणाऱ्या काकूंना ऐटीत दाखवला.

काकूंनी चष्मा चढवून नीट पाहिलं. “उजेड झकास पडलाय हो,” त्या म्हणाल्या, “पण हा शिळा माल कुणी मारला तुमच्या गळ्यात?”