मोटेवरची इंग्रजी

जानेफळच्या बाजारात पुंजाजीनं वांग्याची पाटी मांडली की भाजी मागून अन् धाकल्या भावाची गोष्ट आंदी.

"माहा शालिग्राम अमरावतीले बी.ए. झाला. आता नागपूरले एम.ए. करनार, तेबी इंग्रजी कवितेचं!"

"मंग घेतला का त्याले कॉलेजवाल्यानं?" शेजारी मिरच्या इकनाऱ्या कारभारीनं इचारलं.

"आखाडात परीक्षा हाये. तीन साहेबाम्होरं, तोंडी."

"तोंडी? पुंजाजीभाऊ, तुमचा शालिग्राम तं 'वांगे घ्या' म्हनालेबी लाजते!"

सारा बाजार हासला. पुंजाजीबी हासला, पन काळजात काटा रुतला. गोष्ट खरी होती. पोराच्या डोक्यात पुस्तकंच्या पुस्तकं भरले होते, पन चार लोकांत त्याचा आवाज निंगत नसे. साहेबाम्होरं असाच मुका राह्यला तं नागपूर गेलं, अन् पुंजाजीचं नाकबी गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं शालिग्रामले हिरीवर नेलं अन् मोटेचे बैल त्याच्या हवाली केले.

"दादा, मले अभ्यास हाये ना!"

"अभ्यासच होय हा. मोट हाकनारा मुका असला तं बैल पाय उचलत नाई. मी गानं म्हनतो, तू तुही इंग्रजी म्हन. वांग्यात तुही वहिनी पानी वळवून राह्यली, तिले आयकू गेलं पायजे."

शालिग्राम पुटपुटला. बैल कान हालवत उभेच.

"भाऊजी, वांगे वाळले ना!" तिकडून तानुबाई वरडली. "तुमची इंग्रजी उपाशी हाये काय?"

मंग आवाज चढला. कविता म्हनत बैलासंग धावेच्या उतारावरून खाली जायाचं, मोट रिकामी झाली की बैलासंग मांगं मांगं सरत हिरीपाशी यायाचं. उन्हाळा सरता सरता त्याची इंग्रजी नाल्यापल्याड आयकू जाये.

आखाडात पुंजाजी त्याच्या संगं खामगावहून रेल्वेत बसला. नागपूरले तो साहेबाच्या खिडकीबाहीर उभा राह्यला. आत एका साहेबानं काईतरी इचारलं. शालिग्राम गप. पुन्ना इचारलं. गपच. शेवटी पुंजाजीले राहवलं नाई, अन् त्यानं बैलाले देतात तसा जिभेनं टचकारा देल्ला.

शालिग्रामचे पाय हालले. कविता म्हनत तो पार साहेबाच्या टेबलापावतर गेला, अन् तसाच म्हनत, मांगं मांगं सरत दाराले येऊन टेकला. पुन्ना टेबल, पुन्ना दार! दोन साहेब हासले. तिसरा, पिकल्या मिशीचा, टेबलावर बोटानं ठेका धरून आयकत राह्यला. मंग तिघंबी इचारत गेले अन् शालिग्राम सांगत गेला. पुंजाजीले अक्षर समजलं नाई, पन आवाज समजला. मोटेवरचा होता तो.

"दादा, घेतलं!" बाहीर येऊन शालिग्राम म्हनला.

"घेतला का, पुंजाजीभाऊ?" पुढच्या बाजारी कारभारीनं इचारलं.

"घेतला! अन् साहेबानं टेबलावर ठेका धरला, कारभारी. माह्या मोटेचा!"

दिवाळीनंतर हिरीवर मोट पुन्ना लागली. शालिग्राम नागपूरले. पुंजाजीनं आपलं जुनं गानं लावलं, तं बैल हालतच नाई. चौथी शिकलेल्या पुंजाजीनं इकडं तिकडं पाह्यलं, आयकून आयकून पाठ झालेली एक इंग्रजी ओळ आठवली, अन् अशी हानली की बैल धावेवर निंगाले अन् रस्त्यावरची डोणगावची बैलगाडी थांबली.

"कुठली भाषा होय हो हे?" गाडीवाल्यानं इचारलं.

पुंजाजीनं छाती काढली. "आमच्या घरची!"