ओढ्याखाली काही सापडलं नाही

सोलापूरला पुरातत्त्वात एम.ए. करताना सरांनी मला शिकवलं की जुन्या काळी गावात सत्ता कुणाची होती, हे जमीन पायी फिरलं की कळतं. गढी उंचावर, विहीर तिच्या पायाशी, आणि ज्यांना पाणी मागून घ्यावं लागे त्यांची घरं उताराला, ओढ्याच्या खालच्या अंगाला. घरात शिकणारी मी पहिली. हे इतक्या सरळ शब्दांत मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सरांचे उपकार मी विसरणार नाही.

प्रकल्पासाठी मी सांगोल्याकडचं आमचंच गाव घेतलं. गढीभोवती पाऊल टाकावं तिथं खापरं मिळाली. ओढ्याखाली, आमच्या जुन्या वस्तीच्या जागेवर, एकही नाही. चुलीचा दगडसुद्धा नाही. डाळिंब लावायला ती जमीन दुसऱ्या दिवशी सपाट होणार होती, आणि अवशेषांशिवाय नकाशात वस्ती दाखवता येत नाही. दोऱ्या बांधून मी चौकोन पाडले आणि ऊन उतरेपर्यंत गुडघ्यांवर बसून माती चाळत राहिले.

आत्या चहा घेऊन आली.

"काय हरवलं गं?"

"आपण इथं राहत होतो त्याची खूण शोधतेय."

"ती आता कुटनं घावायची? बुद्धविहाराजवळ नवी वस्ती झाली तवा आमीच समदं झाडून काढलं. मडकी, पायाचे दगड, समदं पुरात लोटलं. मागं कायबी ठेवायचं न्हाय, ठरलंच हुतं. लई हौसेनं केलं बग!"

ती हसत होती. मला रडू फुटलं.

"का केलंत असं, आत्या?"

"तू न्हाईस राहिली हितं," ती म्हणाली.

सकाळी जेसीबी आला. चालवणारा म्हणाला, "ताई, सरका की. मोकळं रान हाय, काय मोडतंय हितं?"

मी हात जोडले, थोडा वेळ मागितला. तेवढ्यात आत्या आली, इकडंतिकडं बघत एका जागी खाली बसली. "हितं आमचा उंबरा."

सापडलेल्या वस्तूशेजारी आम्ही मापाची लाल-पांढरी पट्टी ठेवतो. ती मी आत्याशेजारी ठेवली आणि फोटो काढला.

"उठा आता, मावशी," तो म्हणाला. आत्या पदर झटकून उठली.

सरांनी तो फोटो बराच वेळ पाहिला. "जागा खरी असेल गं," ते हळू म्हणाले, "पण बसलेलं माणूस अवशेष धरता येत नाही."

त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या नकाशात गढी आहे, विहीर आहे. ओढ्याखाली मी माझ्याच हातानं लिहिलं, 'अवशेष नाहीत.'