दौलताबादला दुखलेला गुडघा

बायपास झाल्यापासून आमचे हे न्हाणीघराची कडी आतून लावत नव्हते. दार नुसतं लोटून घ्यायचे आणि मी बाहेर उभं राहायचं. "आहेस ना गं?" अशी हाक अंघोळ संपेपर्यंत चारदा यायचीच. मी तिथेच खुर्ची टाकून कोथिंबीर निवडायचे. दुसरं काय करणार?

ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी केलेला माणूस हा. रात्रपाळीहून भर पावसात एकटा स्कूटर हाणत यायचा. आता कोपऱ्यावरून दही आणायचं तरी "चल ना तू पण!" टाके भरले, रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर हसत म्हणाले, "काका, आता किल्ला चढलात तरी चालेल." रिक्षात बसल्यावर हे पुटपुटले, "डॉक्टरचं काय जातंय बोलायला!" मी मात्र ते बोलणं मनावर घेतलं. म्हटलं, किल्ला तर किल्ला.

दौलताबाद आमचं लग्नापासून राहिलेलं. एकदा ठरलं तर यांना ओव्हरटाइम लागला, दुसऱ्यांदा लेकीला गोवर निघाला. या वेळी मी कुणाला न विचारता तिकिटं काढली. लेक पुण्याहून फोनवर ओरडली, "आई, तुला वेड लागलंय का?" "लागलंय," म्हटलं आणि फोन ठेवला.

दिवाळी होऊन गेली होती, सकाळी छान गारवा होता. नाशिकरोडला आम्ही गाडीच्या कितीतरी आधी जाऊन बसलो, ही यांची कारखान्यातली सवय. गाडीत खिडकी त्यांना दिली. लासलगाव आल्याचं नाकालाच कळलं, सगळा डबा कांद्याचा झाला. मनमाडला बिनसाखरेचा चहा मिळाला नाही, म्हणून नाइलाजाने साखरेचा घेतला आणि हे एकदम खूश झाले. दशम्या आणि लसणाची चटणी काढली, तर यांनी दोन दशम्या मागून खाल्ल्या. घरी अर्धीवर हात आखडणारा माणूस! मला इतकं बरं वाटलं की तिथूनच परत फिरले असते तरी चाललं असतं.

संभाजीनगरला उतरून वेरूळच्या एसटीने किल्ल्याच्या दाराशी आलो. यांनी मान वर केली आणि हात छातीवर गेला. शर्टावरून टाक्यांची रेघ चाचपायची खोड लागलीय त्यांना.

"बाप रे! एवढं कोण चढणार? तोफा बघू, पेरू खाऊ आणि जाऊ परत."

"बघू तर खरं," मी म्हटलं.

आता खरी पंचाईत होती. यांना दम लागायच्या आत थांबवायला हवं. पण "जरा थांबा" म्हटलं की हे घाबरणार. "का? मी पांढरा पडलोय का?" असं विचारणार आणि तिथेच फतकल मारून बसणार. मग मी काय केलं, पहिल्या दरवाजातून आत आल्या आल्या गुडघा धरला. "आई गं!"

"काय झालं?"

"गुडघा हो. बसू या जरा."

माझा गुडघा ठणठणीत आहे, बरं का. पण त्या दिवशी तो तोफांपाशी दुखला, भारतमातेच्या मंदिरात दुखला, चांदमिनारापाशी तर फारच दुखला. हे दरवेळी मला हाताला धरून बसवायचे, पाण्याची बाटली उघडून द्यायचे. "वजन कमी कर म्हणून केव्हाचा सांगतोय," असंही ऐकवायचे. ऐकून घेतलं. मघापासून त्यांचा हात छातीवर एकदाही गेला नव्हता, ते मी बघत होते.

असं करत करत चिनी महालापाशी पोचलो. तिथे एक पहारेकरी उभा होता. पुढे खंदकावरचा पूल, मग अंधारी वाट, मग वरपर्यंत नुसत्या पायऱ्या, असं त्याने सांगितलं. मी गुडघा चोळत होते, ते बघून म्हणाला, "मावशीला नाही जमायचं."

यांनी एकदा वर बघितलं. मग म्हणाले, "तू बस इथे. मी जाऊन येतो."

एकटे? काय बोलणार? गुडघा बरा आहे म्हटलं, तर दिवसभर मी कुणासाठी थांबत होते ते त्यांना कळलं असतं. मग हा माणूस पुन्हा एक पायरी चढला नसता. "सावकाश जा," एवढंच म्हटलं. हे गेले. मागे वळूनही बघितलं नाही.

मी कट्ट्यावर बसले. पाऊण तास गेला तशी चुळबुळ सुरू झाली, म्हणून शेंगदाणे काढायला पिशवीत हात घातला, तर हाताला लागली ती यांची जिभेखाली ठेवायची गोळी! ती खिशात असते नेहमी. चहाच्या वेळी कधीतरी पिशवीत टाकली असणार. फोन लावला तर लागेना. मी उठले आणि साडीचा ओचा वर खोचून जी पळत सुटले!

"ओ मावशी!" पहारेकरी ओरडला. "गुडघा दुखत होता नं तुमचा?"

"मेला तो गुडघा!"

पुलाजवळ पोचले आणि वर पाहिलं. डोंगराच्या खांद्यावर बारादरी दिसते. तिच्या कमानीत एक माणूस उभा होता आणि पांढरा रुमाल हलवत होता. सकाळी मीच इस्त्री करून दिलेला. मी आधी रडले. मग लक्षात आलं, आपल्याला दिसतंय तसं त्यांनाही दिसत असणार. तशीच लंगडत कट्ट्यावर आले आणि गुडघा धरून बसले.

हे खाली आले ते घामाघूम, तोंडभर हसत. शेजारी टेकले, घटाघटा पाणी प्यायले.

"वरून सगळं दिसतं," म्हणाले. "मिनार दिसतो, तोफ दिसते. तूसुद्धा दिसलीस."

"काय करताना?"

"बसली होतीस की. गुडघा धरून."

आणि पेरू आणायला एकटेच दाराकडे चालू लागले. मला लंगडत मागून जावं लागलं. गाडीत नाशिकरोड येईपर्यंत मी लंगडतच होते, आणि हे माझी पिशवी उचलून "जपून, जपून" करत होते. त्यांनी काय पाहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी कोथिंबिरीची जुडी घेऊन खुर्चीत बसले. हे टॉवेल घेऊन आत गेले. दार लोटलं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. पाणी पडायला लागलं. कोथिंबीर हातातच राहिली, मला पुढचं काही दिसेना.

जरा वेळाने आतून हाक आली, "काय गं, गुडघा कसा आहे?"

डोळे पुसले आणि म्हटलं, "दुखतोय हो अजून."

"मग बस तू. भाजी मी आणतो."