थर्माकोलची वेस

कॉलेजच्या स्टोअररूममध्ये आज ऑइलपेंटचा वास आला आणि ती थर्माकोलची वेस आठवून माझं डोकं पुन्हा फिरलं. तेव्हा मी अमरावतीत नवीनच शिकवायला लागले होते आणि जुलमी राजवटींशी लढणाऱ्या पोरींच्या कादंबऱ्या वाचून वाचून गॅदरिंगसाठी एक नाटक लिहिलं होतं. सगळं त्याच ठरलेल्या साच्यातलं: नायिका आधी नाही म्हणते, मग घर सोडते, गुरू भेटतो, मैत्रीण मरते, शेवटी ती नगराची वेस फोडून राजवट उलथवते. नायिकेचं काम करणारी पोरगी होती धारणीची, हॉस्टेलवर राहणारी, आवाज असा की मागच्या बाकावरचेही गप्प बसत. पण रोज तालमीत साडेसहाला, ऐन थर्माकोलच्या वेशीपाशी पोचली की ही बया पिशवी उचलायची. "हॉस्टेलचं गेट साताले बंद होते, मॅडम." पंधरा दिवस झाले तरी वेस काही फुटेना. शेवटी मी ओरडलेच, "अवं, राजवट उलथवून राहिली अन् वार्डनले भेतं?" चप्पल घालता घालता ती म्हणाली, "राजवट कागदावर हाये मॅडम, वार्डन गेटवर हाये." मी चिडून दुसरी मुलगी घेतली, शहरातली, घरून येणारी. आता हॉस्टेलच्या नियमांखाली सही माझीच असते, आणि गेट अजूनही सातलाच बंद होतं.